४० डीसीओईची जोडी, १६०० सीसीचं इंजिन: जेटिंगच्या नोंदी

१० नोव्हेंबर

इंजिन चार सिलिंडरचं, १६०० सीसी. हेड पोर्ट केलेलं, कॉम्प्रेशन १०:१ च्या आसपास, कॅम २८५ अंशांचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा. वर वेबर ४० डीसीओई या दोन बॅरलच्या कार्बोरेटरची जोडी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं बॅरल (हवेची नळी), ४० मिमीचं. मालक माझा मावसभाऊ. तक्रार एका ओळीची: तीन हजार आरपीएमच्या खाली गाडीत जीव नाही, वर गेली की मात्र सुटते.

चालवून पाहिली. हलक्या पायाने चालली तर धक्के खाते. २००० वरून एकदम पाय दाबला की आधी आत दबते, मग खोकते, मग उचलते. आयडलला पेट्रोलचा वास डोळ्यांत जातो.

भाऊ म्हणतो, "दादा, सरळ ४५ चे मोठे कार्बोरेटर टाकू या का? हवा कमी पडत असेल."

त्याला म्हटलं, आधी आत काय आहे ते बघू दे. वरची झाकणं काढली. चोक ३६ (डीसीओईवाले व्हेंचुरीला, म्हणजे बॅरलमधल्या अरुंद गळ्याला, चोकच म्हणतात, थंड इंजिन चालू करायच्या चोकशी त्याचा संबंध नाही). मेन जेट (मुख्य पेट्रोल मोजणारं भोक) १४५, एअर करेक्टर (त्या पेट्रोलात मिसळायची हवा मोजणारं भोक) १९५, इमल्शन ट्यूब (ते दोन्ही जिथे मिसळतात ती नळी) एफ२, आयडल जेट ५५एफ८, पंप जेट (एकदम पाय दाबल्यावरच्या जादा पेट्रोलचं) ५०. ज्याने बसवलं त्याने सूत्र वापरलंय: चोक गुणिले चार म्हणजे मेन जेट, त्यात पन्नास मिळवले की एअर करेक्टर. सूत्र ठीकच आहे. पण सुरुवातीचा ३६ हा आकडाच मोठा धरला तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही गाडी चालत नाही.

कार्बोरेटरला इंजिन किती मोठं आहे ते कळत नाही. त्याला फक्त चोकच्या गळ्यातला दाब कळतो. हवा वेगाने गेली की तिथे दाब पडतो आणि त्या फरकावर पेट्रोल ओढलं जातं. गळा ३६ चा असेल तर क्षेत्रफळ सुमारे १०१८ चौरस मिमी, ३२ चा असेल तर ८०४. तेवढीच हवा ३२ मधून काढली तर वेग २७ टक्क्यांनी जास्त, आणि दाबातला फरक वेगाच्या वर्गात वाढतो म्हणून ओढ १.६ पट. २५०० आरपीएमला मेन सर्किट, म्हणजे मेन जेटची वाट, जागं होतं की नाही, ते या १.६ वर ठरतं. सिलिंडरमागे ४०० सीसी आणि कमाल ताकद ६५०० च्या आसपास, याला वेबरच्या नेहमीच्या तक्त्यात ३२–३३ चा चोक येतो. बॅरल म्हणजे चोकच्या सव्वापट, तेही बरोबर ४० येतं. ४५ चा विषय इथेच संपला. भाऊ नाराज.

१३ नोव्हेंबर

जेटला हात लावण्याआधीची कामं. कंटाळवाणी आहेत, पण ही झाली नाहीत तर पुढे लिहिलेल्या एकाही आकड्याला अर्थ राहणार नाही.

पेट्रोलचा दाब मोजला: ५.५ पीएसआय. वेबरच्या फ्लोटला (चेंबरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगा) तीनच्या आसपास पुरतो. त्यावर गेलं की निडल व्हॉल्व्ह आपली जागा सोडतो आणि चेंबरमधली पातळी वर चढते. रेग्युलेटर बसवून ३ वर आणला. आयडलचा तो वास बराचसा इथेच गेला.

फ्लोट प्लॅस्टिकचे आहेत, त्यांना १२ मिमी. मोजताना झाकण उभं धरायचं, गॅसकेट जागेवर ठेवून, आणि फ्लोटची जीभ निडलच्या स्प्रिंगवाल्या गोळीला नुसती टेकली पाहिजे, दबता कामा नये. झाकण आडवं ठेवून मोजलं तर फ्लोटच्याच वजनाने गोळी दबते आणि माप खोटं येतं. एका कार्बोरेटरचा १२ होता, दुसऱ्याचा साडेनऊ. म्हणजे दोन सिलिंडर एका पातळीवर चालत होते आणि दोन दुसऱ्याच.

स्पिंडल, म्हणजे बटरफ्लाय (पाय दाबला की उघडणारी हवेची झडप) ज्यावर फिरते ते दांडे, सरळ आहेत. बेअरिंगमध्ये खेळ नाही.

मेन जेट पिन गेजने तपासले. जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग, १४५ म्हणजे १.४५ मिमी. चारपैकी दोन जेटमधून १.५० ची पिन आरपार गेली. कुणीतरी हाताने भोक वाढवलंय आणि आकडा तसाच ठेवलाय. जेटला ड्रिल लावणाऱ्या माणसाशी माझं कधी पटत नाही. जेटचं काम नुसत्या व्यासावर चालत नाही, आत जातानाची कड आणि भिंतीचा गुळगुळीतपणाही प्रवाह ठरवतात. ते दोन्ही ड्रिलने जातात, आणि पुढच्या माणसाला खोटा आकडा मिळतो तो वेगळाच. चारही भंगारात.

माउंटिंगच्या दुहेरी स्प्रिंग वॉशर इतक्या आवळलेल्या होत्या की कॉइल एकमेकींना चिकटल्या होत्या. कार्बोरेटर किंचित हलता राहायला हवा, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने चेंबरमध्ये पेट्रोलला फेस येतो आणि वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. नट सैल करून कॉइलमध्ये फीलर गेज जाईल इतकी फट ठेवली.

१७ नोव्हेंबर

नवा संच: चोक ३२, मेन १३०, एअर १८०, इमल्शन एफ१६, आयडल ४५एफ८, पंप ४०. एफ२ ही ट्यूब मोठ्या सिलिंडरची आहे, साधारण ४५० सीसीच्या पुढची. ४०० ला एफ१६ किंवा एफ९.

फरक लगेच कळला. २५०० पासून खेचायला लागली. पण आयडल अजून बेशिस्त आणि १८०० ते २४०० मधला खड्डा जागेवरच.

खूण सांगतो, कुणाच्याही उपयोगी पडेल. चालू इंजिनावर एका बॅरलचा मिक्श्चर स्क्रू (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) पूर्ण आत बसवला. त्या सिलिंडरने लंगडायला हवं होतं. काही झालं नाही, सिलिंडर चालतच राहिलं. म्हणजे त्याला पेट्रोल दुसरीकडून मिळतंय, स्क्रूच्या हातात काही नाही.

१८ नोव्हेंबर

त्या दुसऱ्या वाटेचा शोध.

डीसीओईमध्ये बॅरलच्या छताला बटरफ्लायच्या कडेजवळ बारीक भोकं असतात, प्रोग्रेशनची. बटरफ्लाय उघडताना तिची वरची कड हवेच्या तोंडाकडे सरकते आणि भोकं एकेक करून इंजिनाच्या बाजूला येतात, म्हणजे व्हॅक्यूमखाली. आयडलपासून मेन सर्किट सुरू होईपर्यंतचं पेट्रोल यांच्यातून येतं, आणि ते आयडल जेटनेच मोजलेलं असतं. आयडल जेट हे नाव फसवं आहे. हलक्या पायाने चालवताना जवळजवळ तीन हजारांपर्यंत गाडी त्याच्यावरच चालते. रस्त्यावरच्या गाडीचा बहुतेक वेळ याच टापूत जातो आणि लोक मात्र मेन जेटचे आकडे एकमेकांना ऐकवत बसतात.

या भोकांच्या वर एक पितळी प्लग असतो, खास बघण्यासाठी दिलेला. तो काढला, तोंडातून टॉर्च मारला आणि वरून डोकावलं. आयडलच्या स्थितीत पहिलं भोक कडेच्या मागे झाकलेलं दिसायला हवं. इथे पहिलं पूर्ण उघडं आणि दुसऱ्याची कडही दिसायला लागलेली. चारही बॅरलमध्ये तेच.

कारण कॅम. २८५ अंशांच्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ (ओव्हरलॅप) मोठा, त्यामुळे आयडलला व्हॅक्यूम कमी. इंजिन चालतं ठेवायला जास्त हवा लागते, म्हणून आयडल स्क्रू आत आत पिळला जातो. टेकल्यावर अर्धा-पाऊण फेरा पुरायला हवा तिथे दोनच्या वर गेलेला. बटरफ्लाय उघडी राहते, भोकं आधीच उघडी पडतात, आयडल घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. आणि पाय दाबल्यावर नव्याने उघडायला भोकं उरतच नाहीत, म्हणून पुढे खड्डा. वास आणि खड्डा एकाच कारणाचे.

आधीच्याने तो खड्डा ५० च्या पंप जेटने बुजवायचा प्रयत्न केला होता. पंपाचं पेट्रोल क्षणाचं असतं. एकदम पाय दाबला तर ते निभावतं, सावकाश दाबला तर खड्डा तसाच. प्रोग्रेशनची चूक पंपाने झाकलेली गाडी ओळखायची हीच रीत: हळू दाबून बघा.

२३ नोव्हेंबर

बटरफ्लायला हवेसाठी भोक पाडायचा उपाय असतो, पण त्या ड्रिलच्या आधी इग्निशन. आयडलला ८ अंश ॲडव्हान्स होता (पिस्टन वर पोचण्याच्या किती आधी ठिणगी पडते ते). मोठ्या कॅमला आयडलला जास्त ॲडव्हान्स मानवतो, तेवढ्याच हवेत जास्त जोर मिळतो आणि बटरफ्लाय मिटवता येते. १४ वर नेला. पण नुसता डिस्ट्रिब्युटर फिरवला असता तर वरचा एकूण ॲडव्हान्सही ६ ने वाढून ४० झाला असता आणि नॉकिंगला आमंत्रण. म्हणून वजनांच्या खाचेत वेल्ड भरून प्रवास कमी केला. एकूण ३४ वरच ठेवला.

आयडल स्क्रू एक फेरा मागे आला. तो पितळी प्लग काढून पाहिलं: दुसरं भोक पूर्ण झाकलं गेलंय, पहिलं अजून अर्धं उघडं.

२४ नोव्हेंबर

उरलेली हवा बटरफ्लायमधूनच द्यायची. नव्या मॉडेलांना यासाठी बॅरलवर बायपास स्क्रू असतात, चारही सारखे उघडले की झालं. ही जोडी जुनी आहे, त्यामुळे भोक पाडणं आलं.

बटरफ्लाय जागेवर असताना ड्रिल करायचा मोह टाळावा, चुरा स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये जातो. पण काढणंही सरळ नाही. तिचे दोन स्क्रू मागून ठोकून फुगवलेले असतात, सैल होऊन इंजिनात पडू नयेत म्हणून. तसेच फिरवले तर स्पिंडलचे आटे घेऊन बाहेर येतात. फुगवटा आधी बारीक कानशीने सपाट केला, मगच स्क्रूड्रायव्हर लावला. चारही बटरफ्लायवर त्यांच्या बॅरलचा नंबर आणि वरची बाजू मार्करने लिहिली. कड ७८ अंशांत तिरकी घासलेली असते, तो आकडा पितळेवर उठवलेलाही आहे. उलटी बसवली तर बॅरल मिटतच नाही.

भोक खालच्या अर्ध्यात, प्रोग्रेशनच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे भोकातून येणारी हवा तिथल्या पेट्रोलच्या प्रवाहात ढवळाढवळ करत नाही. १ मिमीपासून सुरुवात केली. लहान भोक वाढवता येतं, मोठं बुजवायला मात्र डाग द्यावा लागतो. पितळेला ड्रिल अचानक गिळायची सवय आहे, म्हणून ड्रिलची धार दगडावर किंचित बोथट केली आणि बटरफ्लाय लाकडावर चिकटवून हळू उतरलो. दोन्ही बाजूंचे बर काढले.

१ मिमीला थोडा फरक. १.५ ला पहिलं भोक कडेमागे गेलं, नुसती चंद्रकोर दिसते. थांबलो. नवे स्क्रू, थ्रेड लॉकर, आणि मागून पुन्हा ठोकून फुगवले. ठोकताना स्पिंडलखाली आधार दिला, नाहीतर आताच सरळ म्हणून पास केलेला स्पिंडल वाकायचा.

मिक्श्चर स्क्रू आता जिवंत झाले. पूर्ण आत नेला की सिलिंडर लगेच बसतं, बाहेर काढला की उठतं.

२७ नोव्हेंबर

सिंक्रोनायझेशन. दोन कार्बोरेटरमधली लिंकेज सोडली, सिंक्रोमीटर प्रत्येक तोंडावर लावून दोन्हीची हवा सारखी केली. लिंकेज जोडल्यावर पुन्हा मोजली, आणि जोडताना एका बाजूला ताण येत होता म्हणून रॉडची लांबी अर्ध्या आट्याने बदलली. आयडल १०५०.

मिक्श्चर स्क्रू चारही अडीच फेऱ्यांच्या जवळपास. एक नंबर सिलिंडरचा स्क्रू तीन फेऱ्यांवर होता, तिथे आयडल जेटमध्ये कचरा निघाला.

भावाला आत बसवून पेडल पूर्ण दाबायला लावलं आणि तोंडातून पाहिलं. बटरफ्लाय पूर्ण आडवी होतच नव्हती, दहाएक अंश बाकी. ही गाडी आजवर फुल थ्रॉटलला गेलेलीच नाही! केबलचा थांबा सरकवला. ४५ ची मागणी करणाऱ्याला हे दाखवताना मला थोडी मजा आली, नाकारत नाही.

१ डिसेंबर

आता वाइडबँड सेन्सर, सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा. आकडे लॅम्डातच लिहितो: प्रत्यक्ष हवा-पेट्रोल गुणोत्तर भागिले आदर्श गुणोत्तर, १ च्या वर पातळ, खाली घट्ट. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असलं की आदर्श गुणोत्तर १४.७ वरून १४.१ च्या आसपास येतं, त्यामुळे गुणोत्तराच्या भाषेत बोलणारे दोघं वेगवेगळंच बोलत असतात. लॅम्डा १ म्हणजे १, इंधन कुठलंही असो.

आयडलचं वाचन १.०८. स्पार्क प्लग मात्र सांगतो की मिश्रण घट्टच आहे, पातळ नक्कीच नाही. ओव्हरलॅपमध्ये न जळलेली हवा सरळ सायलेन्सरकडे जाते आणि सेन्सर त्यातला ऑक्सिजन मोजून 'पातळ' म्हणतो. मोठ्या कॅमवर आयडल सेन्सरने लावू नये. कानाने आणि आरपीएमने लावावं.

हलक्या पायाने २२००: ४५एफ८ वर १.०४ आणि हलके धक्के. जेटचा पहिला आकडा पेट्रोलच्या भोकाचा, एफ नंतरचा हवेच्या भोकाचा, पण तो नुसता क्रमांक आहे, माप नाही. पेट्रोल न वाढवता हवा थोडी कमी करायची म्हणून ४५एफ९. वाचन ०.९७, धक्के गेले. खड्डा शोधायला सावकाश पाय दाबून पाहिला, १५०० पासून ३५०० पर्यंत. सापडला नाही.

मग पंप जेट ४० वरून ३५ केला, तरीही एकदम दाबल्यावर अडखळत नाही आणि मागचा काळा धूरही गेला. प्रोग्रेशन सुधारल्यावर पंपाची गरज कमी होते, हे अपेक्षितच होतं.

५ डिसेंबर

डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र. फुल थ्रॉटल, ३२/१३०/१८०/एफ१६: ३५०० ला ०.९०, ५००० ला ०.८७, ६५०० ला ०.८३. वर जाताना घट्ट होत जातंय.

हा कार्बोरेटरचा मूळ स्वभाव. हवेचा वेग वाढतो तसं पेट्रोल हवेपेक्षा जास्त प्रमाणात यायला लागतं, आणि त्याला आवर घालायला एअर करेक्टर असतो. तो मोठा केला की परिणाम मुख्यतः वरच्या आरपीएमला दिसतो. मेन जेट बदलला तर सगळी रेषाच वर-खाली सरकते. १३० आणि १२५ मध्ये आकड्याने पाचचाच फरक, पण क्षेत्रफळात आठ टक्क्यांचा. १२५ लावून पाहिला: ५००० ला ०.९३, नको. परत १३०, आणि एअर २००. ६५०० ला ०.८७, ३५०० ला ०.९१. रेषा सपाट झाली.

३६ चा जुना संच तुलनेसाठी आधी चालवून ठेवला होता, केबल दुरुस्त करून. ३००० ला टॉर्क ९४ न्यूटन-मीटर होता, आता ११७. कमाल ताकद ११६ होती, ती ११३ झाली. भावाने सगळं सोडून त्या तीन अश्वशक्तीचा हिशेब मागितला. ६५०० च्या वर ३६ ला फायदा आहेच, ते खरं आहे. तिथे तो किती वेळ असतो हे मी त्याला विचारलं.

३००० च्या जवळ एक घट्ट डाग उरलाय, ०.८४. ट्रम्पेटच्या (कार्बोरेटरच्या तोंडावरची कर्ण्यासारखी नळी) तोंडासमोर आडवा प्रकाश धरला की कारण डोळ्यांना दिसतं: त्या आरपीएमला पेट्रोलचं धुकं तोंडाबाहेर येऊन तरंगतं. उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून हवा उलटी फिरते, चोकमधून बाहेर जाताना पेट्रोल घेते, पुन्हा आत येताना आणखी घेते. एफ१६ च्या जागी एफ९ लावून पाहिली, फरक नगण्य. हा कॅमचा प्रश्न आहे, जेटने सुटणार नाही. त्याच्यासाठी आजूबाजूची रेषा पातळ करणं मला मान्य नाही. सोडून दिला. या चाचणीच्या वेळी अग्निशामक हाताशी ठेवला होता, ते धुकं पेटतं.

११ डिसेंबर

एअर फिल्टर बसवला आणि वरचं वाचन एकदम हललं. जेट जसेच्या तसे. फिल्टरच्या मागच्या पत्र्याचं गॅसकेट काढून पाहिलं तर तोंडाच्या वर जी फट फ्लोट चेंबरला हवा देते, ती गॅसकेटने अर्धी झाकली होती. फटीच्या आकाराची खाच कापली. वाचन परत जागेवर. फिल्टरच्या झाकणाची आतली भिंतही ट्रम्पेटच्या फार जवळ होती, स्पेसर घालून अंतर ट्रम्पेटच्या व्यासाइतकं केलं.

१५ डिसेंबर

गाडी दिली. आत एक कार्ड ठेवलंय: चोक ३२, मेन १३०, एअर २००, एफ१६, आयडल ४५एफ९, पंप ३५, दाब ३ पीएसआय, फ्लोट १२ मिमी, ॲडव्हान्स १४/३४, बटरफ्लायला १.५ चं भोक. शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिली. कधीतरी कुणीतरी नव्या बटरफ्लाय टाकेल आणि आयडल का बिघडलं म्हणून डोकं धरून बसेल.

भाऊ पुढच्या महिन्यात डोंगरात नेणार आहे, समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर. तिथे हवा सुमारे १४ टक्के विरळ. कार्बोरेटरमध्ये हवेचं वस्तुमान घनतेच्या प्रमाणात घटतं, पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून लॅम्डा सात टक्क्यांनी खाली येईल, ०.८७ चा ०.८१. १२५ चे चार मेन जेट कार्डासोबत पिशवीत घातलेत. वर पोचल्यावर बदलायचे आणि उतरायच्या आधी आठवणीने १३० परत लावायचे. विसरून खाली फुल थ्रॉटल मारला तर मिश्रण पातळ, आणि मग पिस्टनची चौकशी करायला तो माझ्याकडेच येणार.